नंबर गेला, की संशय आपल्यावर!

काशीद म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरी वाळू, सुरूचं बन, गरमागरम मॅगी आणि शंभरेक सेल्फी. बरोबर आहे, पिकनिकला जाताना सोबत कायद्याचं पुस्तक कोण घेऊन जातं? पण आज याच किनाऱ्याच्या निमित्ताने एका अत्यंत रटाळ वाटणाऱ्या गोष्टीबद्दल बोलू या. बंदुकीवरचा नंबर, आणि तो नसेल तर दुसरी खूण मंजूर करून घेण्याची सरकारी कागदपत्रं. पान उलटू नका, विषय वाटतो तितका लांबचा नाही.

रायगडच्या किनाऱ्याला या विषयाची जुनी ओळख आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचा शस्त्रं-स्फोटकांचा साठा दिघी आणि शेखाडी इथे उतरला होता. काशीदवरून मुरूड ओलांडून आगरदांड्याला गेलात, की खाडीपलीकडे दिसतं तेच दिघी. पुढे १८ ऑगस्ट २०२२ला, ऐन दहीहंडीच्या तोंडावर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं सापडली. राज्यभर नाकाबंदी झाली, टीव्हीवर दिवसभर तेच. पण बोटीला नाव होतं, ‘लेडी हान’. नावामागे मालकाची नोंद होती. ओमानजवळ इंजिन बंद पडलेली, खलाशांनी सोडून दिलेली ही बोट वाहत वाहत इथवर आली, हे त्याच दिवशी विधानसभेत सांगता आलं. विचार करा, त्या बोटीवर नाव नसतं तर? किती दिवस अफवा चालल्या असत्या, आणि किती कोळीवाड्यांत चौकशीचा ससेमिरा लागला असता?

जुलै २०२५मध्ये तर गोष्ट काशीदच्या अगदी शेजारी घडली. रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद बोट दिसली म्हणून मोठा बंदोबस्त लागला, शोधमोहीम झाली. शेवटी निघालं काय? पाकिस्तानी मच्छिमारांच्या जाळ्याचा, ट्रान्सपाँडर लावलेला बोया! तो कोणाचा हे कळलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हणजे खूण काय करते? संशय आणि सत्य यांच्यातलं अंतर कमी करते. बंदुकीच्या बाबतीत कायदा हेच म्हणतो, फक्त जरा जास्तच कडक आवाजात. शस्त्र अधिनियम १९५९चं कलम ८ एकदा वाचून बघा, लॉच्या विद्यार्थ्यांनी तर नक्कीच. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा दुसरी कुठलीही ओळखखूण पुसायची नाही, बदलायची नाही, खोटी घालायची नाही. केंद्र सरकारने मान्य केलेली खूण नसलेली बंदूक विकायची नाही. इथपर्यंत कुणाचीच हरकत नसेल. खरी मेख पुढच्या पोटकलमात आहे. तुमच्या ताब्यातल्या बंदुकीवर नंबर नसेल किंवा तो खाडाखोड केलेला असेल, तर तो तुम्हीच पुसला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर!

आता हे कलम कोकणातल्या घरात नेऊन ठेवा. इथे शेतीसंरक्षणासाठी परवाना घेऊन ठेवलेल्या बंदुका आहेत, त्यातल्या कित्येक ठासणीच्या. रानडुक्कर एका रात्रीत भाताची नासाडी करतं, माकडं नारळ पाडतात, आणि काशीदच्या मागे तर फणसाडचं अभयारण्यच आहे. आजोबांच्या नावाचा परवाना, त्यांच्याही वडिलांच्या काळातली नळी, वर्षानुवर्षं खारी हवा. लोखंडावर गंज चढतो, कोणीतरी प्रेमाने पॉलिश पेपर घेऊन बसतं, बंदूक चकचकीत होते आणि गंजाबरोबर नंबरही जातो. गुन्हा करायचा कुणाच्या मनातही नव्हतं. पण कलम ८ मनातलं विचारत नाही, ते नळी बघतं.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की पर्यायी खुणेची सोय ही मेहेरबानी नाही, ती या कडक गृहीतकाची दुसरी बाजू आहे. कायद्यात ‘नाव, नंबर किंवा इतर ओळखखूण’ असे शब्द आहेत ना? मग ती ‘इतर खूण’ मिळवण्याचा रस्ता गावातल्या माणसाला दिसेल असा हवा. नंबर नाही म्हणून आरोपी ठरवायला सरकार तयार असेल, तर नंबर देण्यासाठीही सरकारने तितकंच तयार असायला नको का?

यावर एक आक्षेप हमखास येतो. “गुन्हेगार काय फॉर्म भरतात होय? हा सगळा ताप सरळ माणसालाच!” आक्षेपात दम आहे. २६/११चे दहशतवादी ‘कुबेर’ नावाच्या पोरबंदरच्या मच्छिमार बोटीतून आले. बोट खरी, नोंदणी खरी, माणसं भलतीच. नुसत्या नंबराने काही थांबत नाही, हे मान्य. पण त्याच प्रकरणात पुढे काय झालं तेही बघा. ज्या रबरी बोटीतून ते किनाऱ्याला लागले, तिच्या यामाहा इंजिनाच्या नंबरावरून माग थेट कराचीपर्यंत पोहोचला. म्हणजे नंबर हा दारावरचा वॉचमन नाही, तो मागाहून बोलणारा साक्षीदार आहे. साक्षीदार मुका करायचा की बोलता ठेवायचा, एवढाच प्रश्न.

आणि साक्षीदार बोलता ठेवायचा, तर कोणतीही खूण चालत नाही. केमिस्ट्रीवाल्यांना हे आवडेल. पोलादावर नंबर ठोकला जातो तेव्हा अक्षराच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचा भाग कानशीने घासून सपाट केला तरी आतला ताण उरतो. त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण फिरवलं, की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला नंबर पुन्हा उमटू शकतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमधली ही नेहमीची रीत. पण खूण वरवर कोरलेली असेल, तर खाली काही उरतच नाही. म्हणून अमेरिकेत नंबराची खोली किमान ०.००३ इंच आणि अक्षराची उंची किमान १/१६ इंच असावी असा नियम आहे, आणि कारखानदाराला वेगळ्या पद्धतीने खूण करायची असेल तर आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. फॉर्म नंबर ३३११.४! बाबूगिरी वाटते, पण त्या एका कागदात ‘ही खूण उद्या वाचता येईल का’ हा प्रश्न दडलेला असतो. थ्रीडी प्रिंटरवर बंदुकीचे भाग निघण्याच्या काळात तर हा प्रश्न आणखी मोठा झालाय. प्लास्टिकवर ठोकणार काय?

मग आपल्याकडे काय व्हावं? तीन गोष्टी. एक, तालुक्याच्या ठिकाणी जुन्या परवानाधारक बंदुकांसाठी खुणेची शिबिरं भरवावीत. आधारची शिबिरं गावोगाव भरतात, मग ही का नाहीत? नंबर पुसट झालेली बंदूक स्वतःहून आणणाऱ्याकडे चोर म्हणून बघायचं नाही, एवढं आधीच जाहीर करायचं. दोन, परवान्याच्या नोंदीत नुसता नंबर नको, खुणेचा जवळून काढलेला फोटोही हवा. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, याला खर्च तो काय? तीन, अर्ज मराठीत आणि एका पानात हवा. शेतकऱ्याने अलिबागला चार खेपा मारायच्या आणि मधल्या एजंटाचे खिसे भरायचे, हे बंद व्हायला हवं. सोपा कागद म्हणजे ढिला कायदा नव्हे. उलट कागद अवघड असला की माणूस बंदूक माळ्यावर लपवतो, आणि तिथून ती कोणाच्या हातात जाईल याचा नेम नाही.

तुम्ही काय करायचं? गणपतीला गावी जालच. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती हाताळू नका, पण ज्यांच्या नावाचा परवाना आहे त्यांना नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर ताडून बघायला सांगा. त्यावर पॉलिश पेपर मारू देऊ नका. परवानाधारक वारले असतील, तर बंदूक ‘आजोबांची आठवण’ म्हणून भिंतीवर ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसाला हवी असेल तर रीतसर अर्ज करावा लागतो. घरातल्या थोरांना हे ठाऊक असेलच असं नाही. मोबाइलवर कलम काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवणं हे काम तुमचंच.

आपल्या पिढीला फॉर्मचा कंटाळा आहे, आणि तो रास्त आहे. निम्मे फॉर्म खरंच फाडून टाकावेत असेच असतात. पण फॉर्म फाडण्याआधी एक प्रश्न विचारायचा. हा कागद नसेल तर उद्या कोणावर संशय येईल? उत्तर ‘निरपराध माणसावर’ असं आलं, तर तो कागद फाडायचा नाही. तो सोपा करून मागायचा, आणि मिळेपर्यंत मागत राहायचं.