मुलाखत कंपनीची, नोकरी ठेकेदाराची! आयटीआयची पोरं अडकतात कुठं?

कन्नड तालुक्यातल्या एका फिटर झालेल्या तरुणाला वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. आठव्या दिवशी पोरगं माघारी आलं. गावात चर्चा एकच, 'आजकालच्या पोरांना काम नको.' खरं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

भरतीचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. लेखी परीक्षा, दोन साहेबांनी घेतलेली मुलाखत, मेडिकल, सगळं कंपनीच्या आवारात झालं. सही करायच्या वेळी मात्र गेटाबाहेरच्या एका गाळ्यात पाठवलं. तिथं ठेकेदाराचा माणूस बसलेला. त्याने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, बूट आणि ड्रेसचे पैसे पगारातून कापणार म्हणाला. सात महिन्यांनी ब्रेक, हेही तोंडीच. नेमणूक पत्र मागितलं तर 'मिळेल नंतर'. वडिलांनी तोवर कांद्याच्या पैशातून बजाजनगरात खोलीचं डिपॉझिट भरलं होतं.

सात महिनेच का? वर्षात २४० दिवस काम भरलं की कायद्याने ती सलग सेवा धरतात. मग काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. सात महिने म्हणजे सुट्ट्या धरूनही २१० दिवस. हिशेब समजायला वकील लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, आधी पाच वर्षं लागायची. चांगलंच आहे. पण ग्रॅच्युइटी वर्षाची अन् नोकरी सात महिन्यांची, तर पोराच्या हातात काय पडणार?

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. पण तिथं काम केल्याचा कागद लागतो, आणि नेमका तोच हातात देत नाहीत. म्हणून पहिला पगार झाला की उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघावं. पैसे कुणाच्या नावाने भरले, मुळात भरले का, ते तिथं कळतं.

अप्रेंटिसचं प्रकरण वेगळं. त्यात करार सरकारी पोर्टलवर नोंदवतात, पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं. मुदत संपल्यावर कंपनीने कायम घ्यावंच असं सहसा बंधन नसतं. 'अप्रेंटिस केलं की परमनंट' असं सांगणारे एजंट भरतीच्या दिवसांत गावोगाव फिरतात, तेवढं लक्षात असू द्या.

या तरुणाने आठ दिवस काम केलं, पत्र मिळेना म्हणून सोडलं. आठ दिवसांचा पगार आलेला नाही. प्रमाणपत्रं अजून त्या गाळ्यातच आहेत. सोमवारी तो आणायला जाणार आहे, सोबत गावातले दोघं जण घेऊन.