पंपघरालाही उन्हाळा लागतो

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की माणसांसाठी सूचना निघतात. मात्र त्याच इमारतींमधली एक खोली बंद दाराआड तापत असते, तिची आठवण कुणाला होत नाही. ही खोली अग्निशमन पंपाची. आग लागलीच, तर सगळ्या मजल्यांवर पाणी पोहोचवायचे काम तिचे.

जगभर आधार मानल्या जाणाऱ्या ‘एनएफपीए २०’ या अमेरिकी मानकात पंपघराचे तापमान ४ अंशांखाली जाऊ नये, असे म्हटले आहे. विदर्भात ती भीती नाही. आपल्या कामाची आहे ती वरची मर्यादा. डिझेल इंजिन पूर्ण भाराने चालू असताना ते जिथून हवा ओढते, तिथे तापमान ४९ अंशांपेक्षा जास्त असू नये. बाहेरच ४५ अंश असतील, तर हाताशी उरतात फक्त ४ अंश. चालू इंजिन स्वतःही खोली तापवते. हवा खेळती नसेल, तर हे ४ अंश संपायला वेळ लागत नाही.

उष्णतेने इंजिनाची ताकद थोडी घटते. २५ अंशांच्या वर साधारण साडेपाच अंशांमागे एक टक्का. खरा घात होतो तो बॅटरीचा. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. वीज गेल्यावर सारी भिस्त डिझेल पंपावर असते. ऐन वेळी बॅटरीने दगा दिला, तर तो सुरूच होणार नाही.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते: जानेवारीत आणि जुलैत. एक महिना थंडीचा, दुसरा पावसाचा. ज्या महिन्यात पंपघराची खरी कसोटी लागते, तो मे या वेळापत्रकात नाही. कागदावर सारे ठीक असलेली यंत्रणा भर उन्हात टिकेल, याची खात्री ते प्रमाणपत्र देत नाही.

उपाय अवघड नाहीत. पंपघरात थर्मामीटर लावावा. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा, भर दुपारी, डिझेल पंप अर्धा तास चालवून इंजिनाजवळच्या हवेचे तापमान वहीत नोंदवावे. आकडा ४९ च्या जवळ गेला, तर हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या झडपा मोठ्या कराव्यात. त्यांच्यापुढे रचलेले भंगार आधी हलवावे. बॅटरी इंजिनाच्या झळेपासून दूर ठेवावी. चाचणी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला एकटे पाठवू नये. त्या खोलीत उष्माघात त्यालाही होऊ शकतो.

प्रशासनानेही जानेवारी-जुलैच्या जोडीला मे महिन्यातील तापमानाची नोंद मागावी. आग काही हवामान पाहून लागत नाही.