मीठ घातक, मग मिठावरचा कर हितकारक होता का? #धागा #इतिहास

१/१२
इतिहासाच्या चर्चांत अधूनमधून एक युक्तिवाद डोकावतो : मीठ आरोग्याला वाईटच, मग इंग्रजांच्या मीठकराने रयतेचे असे काय बिघडले? उलट मीठ कमी खाल्ले गेले, भलेच झाले! युक्तिवाद चतुर आहे. मात्र तो ना इतिहासाच्या कसोटीवर टिकतो, ना शरीरशास्त्राच्या.

२/१२
आधी कराचे स्वरूप पाहावे. १८६९ च्या सुमारास बंगालमध्ये मिठावर मणामागे सव्वातीन रुपये कर होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत १ रुपया १३ आणे. स्वस्त मीठ महाग मुलखात शिरू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातरेषा आखली गेली. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगाचे जिवंत कुंपण होते. पहाऱ्याला सुमारे १२,००० माणसे. काही वर्षे या रेषेचे आयुक्त होते ॲलन ह्यूम. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच.

३/१२
१८७९ मध्ये ही रेषा मोडली. पण त्यासाठी देशभरचे दर जवळ आणणे भाग होते. बंगालचा दर थोडा उतरला आणि मुंबई-मद्रासचा चढला : १ रुपया १३ आण्यांवरून थेट अडीच रुपये. ही वाढ झाली १८७७-७८ मध्ये, म्हणजे दख्खनचा भीषण दुष्काळ पुरता सरलाही नव्हता तेव्हा.

४/१२
अडीच रुपये म्हणजे नेमके किती? सरकारी मण सुमारे ३७ किलोंचा. माणशी रोज १० ग्रॅम मीठ धरले, तर पाच जणांच्या घराला वर्षाला सुमारे १८ किलो लागते. त्यावर कर सुमारे २० आणे. आता गोठ्याकडे वळावे. बैलाला रोज ३० ग्रॅम धरले, तर एका जोडीला वर्षाला सुमारे २२ किलो; कर आणखी २३-२४ आणे. मिठाची मूळ किंमत वेगळीच. शेतकऱ्याच्या घरी मिठाचा मोठा वाटा माणसांचा नव्हे, बैलांचा असतो. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री कुठे लागणार, हे सांगायला नको.

५/१२
बैलाला मीठ लागते कशाला? गवत, कडबा यांत पोटॅशियम मुबलक असते, सोडियम मात्र अत्यल्प. वाघाला सोडियम भक्ष्याच्या रक्तमांसातून मिळते. हरणाला, हत्तीला, गाईला ते बाहेरून शोधावे लागते. म्हणूनच रानातली जनावरे खारी माती चाटायला दूरवर जातात. शाकाहारी प्राण्यांची आणि धान्यभाजीवर जगणाऱ्या माणसांची मिठाची ओढ याच कारणाने असावी, असा विचार १८७० च्या दशकात गुस्ताव्ह फोन बुंगे या शास्त्रज्ञाने मांडला.

६/१२
प्रयोगांचा दाखलाही आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्येही मीठकरावर वाद पेटलेला असताना बूसँगो या रसायनशास्त्रज्ञाने बैलांचे दोन गट केले : एकाला मीठ, दुसऱ्याला वरचे मीठ नाही. वजनात फारसा फरक पडला नाही. पण बिनमिठाच्या बैलांची कांती निस्तेज झाली, अंगावरचे केस राठ झाले, चाल मंदावली. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे बॅबकॉक याने दुभत्या गाईंचे मीठ तोडून पाहिले. कालांतराने गाई खंगल्या, दूध आटले.

७/१२
आणि माणूस? १९३० च्या दशकात रॉबर्ट मॅकन्स याने स्वयंसेवकांना बिनमिठाचे अन्न देऊन भरपूर घाम काढायला लावला. थोड्याच दिवसांत थकवा, पेटके, तोंडाची गेलेली चव अशी लक्षणे उमटली. उन्हात राबणारा मजूर घामावाटे मीठ गमावतो. पटकीचा रोगी तर ते लोंढ्याने गमावतो. दुष्काळामागून पटकीची साथ येत असे, हे ध्यानात घ्यावे. जलसंजीवनीत साखरेसोबत मीठ असते ते याचसाठी.

८/१२
तरीही दुसरे टोक टाळायला हवे. दुष्काळातला प्रत्येक मृत्यू मीठकराच्या खात्यावर मांडणे हा इतिहास नव्हे. माणसे मुख्यतः उपासमारीने आणि साथींनी मेली. शिवाय शरीर थोड्या मिठावरही जुळवून घेते : ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ नावालाच असते, आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही.

९/१२
कर खरोखर मीठ तोडत होता का? १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात गोपाळ कृष्ण गोखले यांनी हा कर उतरवण्याची मागणी केली. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला आणि १९०७ मध्ये मणामागे एक रुपयावर आला. खप वाढला. लोक आधी मीठ कमी घेत होते ते आरोग्यासाठी नव्हे, परवडत नव्हते म्हणून.

१०/१२
अतिरेकाचा धोकाही तितकाच खरा आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅबनमधील प्रयोगात चिंपांझींच्या आहारात दिवसाला १५ ग्रॅमपर्यंत मीठ वाढवले, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला; मीठ थांबवल्यावर सहा महिन्यांत उतरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. जगाची सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

११/१२
या दोन सत्यांची गाठ एकाच माणसाच्या आयुष्यात पडते. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना पथ्य म्हणून मीठ आणि डाळी सोडायला सांगताना गांधीजींनी स्वतःच दोन्ही सोडले. तेच गांधीजी १९३० मध्ये मिठासाठी २४ दिवस चालत दांडीला गेले. त्यांच्या मागोमाग वडाळ्याच्या मिठागरांवर आणि शिरोड्यातही सत्याग्रह झाले. यात विसंगती शोधणाऱ्यांना मुद्दाच कळलेला नाही. स्वेच्छेने पाळलेले पथ्य वेगळे आणि सरकारने लादलेले अळणीपण वेगळे.

१२/१२
म्हणून ‘मीठ चांगले की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. चिमटीत किती मीठ धरायचे हे कोण ठरवते, हा खरा प्रश्न. १८७८ मध्ये ते जकात खाते ठरवत होते. आज बंद पाकिटातल्या फरसाणाचे आणि नूडल्सचे मीठ कारखाना ठरवतो. तेव्हा गरिबाच्या ताटातून आणि बैलाच्या दावणीतून ते काढून घेतले गेले. आता न विचारता घातले जाते. दांडीचा वारसा सांगणाऱ्यांनी पाकिटावर मिठाचे प्रमाण ठळक छापण्याची मागणी करावी. आणि मीठ कमी खाणाऱ्यांनी त्या जुन्या कराला आरोग्यसेवेचे श्रेय देऊ नये.
(समाप्त)