वहीत न धरलेले गुण

3 मार्च 2024. आयोवा सिटीतल्या कार्व्हर-हॉकआय अरीनात मध्यंतराला अर्धा सेकंदही उरला नव्हता. ओहायो स्टेटच्या संघाला टेक्निकल फाउल लागला आणि आयोवा विद्यापीठाची 22 क्रमांकाची खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन उभी राहिली. समोर अडवायला कोणी नाही, घड्याळ थांबलेले. केटलिन क्लार्कने चेंडू जाळीत टाकले आणि पुरुषांमधल्या पीट मॅराविचचा 1970 पासूनचा 3,667 गुणांचा विक्रम मोडला. जी मुलगी मैदानाच्या मधल्या बोधचिन्हाजवळून, तीस-पस्तीस फुटांवरून चेंडू फेकून प्रेक्षकांना उठून उभे राहायला लावते, तिचा सर्वांत गाजलेला विक्रम शाळकरी पोरेही मारतात त्या फेकीने व्हावा, ही गंमतच.

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच मथळा: कॉलेज बास्केटबॉलमध्ये स्त्री-पुरुष धरून सर्वाधिक गुण. एका वहीपुरता मथळा खोटा नव्हता. पण तो ज्या वहीवरून काढला होता ती वही कोणाची, तिची पहिली पाने कोणी फाडली, हे विचारायला त्या गर्दीत फारशा कोणाला सवड नव्हती.

आधी मुलीचे कौतुक, कारण ते वाजवीच आहे. 2002 मध्ये डे मॉइन शहरात जन्मलेली ही मुलगी लहानपणी मुलांच्या संघातून खेळली. कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा नोत्र दामसारख्या बड्या ठिकाणाकडे ओढा असूनही ती घरापासून दोन तासांच्या अंतरातल्या आयोवा विद्यापीठात गेली. पहिल्याच वर्षी सामन्यामागे 26.6 गुण घेऊन देशात पहिली. दुसऱ्या वर्षी गुण आणि असिस्ट या दोन्हींत पहिली. पहिल्या श्रेणीच्या महिला स्पर्धेत एकाच हंगामात हे दोन्ही कोणालाही जमले नव्हते. आम्हाला यातला असिस्टचा आकडा जास्त बोलका वाटतो. लांबून चेंडू टाकणारे पुष्कळ असतात. तीन खेळाडूंनी घेरलेले असताना चौथी मोकळी कुठे निघणार आहे हे ती निघायच्या आधी ओळखून पास देणारे फार थोडे. तिसऱ्या वर्षी लुइव्हिलविरुद्ध 41 गुण, 12 असिस्ट आणि 10 रिबाउंड; पाठोपाठ उपांत्य सामन्यात तोवर अपराजित असलेल्या साउथ कॅरोलिनाविरुद्ध पुन्हा 41. अंतिम सामना मात्र एलएसयूकडून हरली, आणि पुढच्या वर्षीचा साउथ कॅरोलिनाकडून. विजेतेपद चार वर्षांत एकदाही हाती आले नाही, तरी तिकिटासाठी रांगा लागत होत्या तिच्याच नावाने. ऑक्टोबर 2023 मध्ये विद्यापीठाने फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर बास्केटबॉलचे मैदान मांडून एक प्रदर्शनी सामना ठेवला, तर 55,646 माणसे उघड्यावर, बोचऱ्या वाऱ्यात येऊन बसली. महिला बास्केटबॉलला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती.

इथपर्यंत सगळे ठीक. आमचा आक्षेप यापुढच्या कथेला आहे. ती कथा अशी: महिला बास्केटबॉल म्हणजे ओसाड माळ होता, तिथे ही मुलगी आली आणि हिरवळ झाली.

माळ? आणि तोही आयोवात? या राज्याच्या मक्याच्या शेतांमधल्या गावागावांत मुलींचे बास्केटबॉल शंभर वर्षे जुने आहे. खेळ जरा वेगळा होता: एका संघात सहा मुली, मैदानाचे दोन भाग, तिघींनी फक्त चढाई करायची, तिघींनी फक्त बचाव, मधली रेषा ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. मुलींना फार दमवू नये या जुन्या काळजीतून आलेले हे नियम. पण खेळणाऱ्यांनी त्यातूनही तमाशा उभा केला. 1968 च्या राज्य अंतिम सामन्यात डेनिस लाँगने 64 गुण घेतले, प्रतिस्पर्धी संघाच्या जीनेट ओल्सनने 76, आणि जिंकला लाँगचा युनियन-व्हिटन संघ. दीड हजार मैलांवरच्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने पुढच्या वर्षी या लाँगचे नाव चक्क पुरुषांच्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पुकारले. एनबीएच्या आयुक्तांनी ते रद्द केले, हे सांगायला नकोच. सहा जणींचा हा खेळ आयोवात 1993 पर्यंत चालू होता.

क्लार्कला घडवणाऱ्यांतली जॅन जेन्सन याच खेळातून आली. क्लार्कच्या काळात ती मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडरची सहायक होती, पुढे ब्लूडर निवृत्त झाल्यावर मुख्य झाली. 1987 मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तिची सामन्यामागची सरासरी 66 गुण होती. एका सामन्यात तिने 105 केले होते. तिची आजी 1921 च्या राज्यस्पर्धेत खेळलेली. आजी, नात आणि नातीची शिष्या अशी ही परंपरा. खुद्द कार्व्हर-हॉकआयमध्ये 1985 मध्ये तेव्हाच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगरच्या संघाचा खेळ पाहायला 22,157 माणसे घुसली होती. त्या इमारतीत बसायला जागा आहेत पंधरा हजारांच्या आत. म्हणजे या राज्यात मुलींचा खेळ पाहण्याची सवय आजी-आजोबांपासून होती. क्लार्कने रोप लावले ते कसदार जमिनीत. तिचे मोल याने कमी होत नाही. पण जमीन नांगरणाऱ्यांची नावे गाळून फक्त पिकाचा फोटो छापायचा, हे आम्हाला पटत नाही.

आता त्या वहीकडे येऊ. अमेरिकन कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था एनसीएए. 15 फेब्रुवारी 2024 रोजी मिशिगनविरुद्ध पहिल्या अडीच मिनिटांतच क्लार्कने केल्सी प्लमचा 3,527 गुणांचा विक्रम मागे टाकला, तोही बोधचिन्हाजवळच्या त्या खास फेकीने. त्या दिवशी तिने 49 गुण घेतले आणि एनसीएएच्या वहीत ती महिलांमध्ये पहिली झाली. पण तेव्हा एक बाई तिच्यापुढेच होती. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने 1978 ते 1981 या चार हंगामांत 3,649 गुण केले होते. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती आणि चेंडू पुरुषांचा, म्हणजे आकाराने मोठा. हीच वुडर्ड पुढे 1984 च्या सुवर्णपदक विजेत्या ऑलिंपिक संघाची कर्णधार झाली आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्समध्ये खेळणारी पहिली स्त्री ठरली. एनसीएएच्या वहीत मात्र तिचे ते गुण नव्हते. कारण? ती खेळली तेव्हा महिलांच्या खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संस्था पाहत होती.

आणि एआयएडब्ल्यू का होती? कारण एनसीएएला बायकांचे खेळ नको होते. नको होते हा शब्दही सौम्य आहे. 1972 मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी झाली. तेव्हा उत्पन्न देणारे खेळ या कायद्यातून वगळा म्हणून एनसीएएने वॉशिंग्टनमध्ये जोर लावला. ते जमेना म्हणून 1976 मध्ये कोर्टात गेली. या काळात बेताच्या पैशांत महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या एआयएडब्ल्यूने. मग या खेळाला प्रेक्षक आहेत, टीव्ही आहे हे ध्यानात आल्यावर 1981-82 च्या हंगामात एनसीएएने स्वतःच्या महिला स्पर्धा सुरू केल्या आणि वर्षभरात एआयएडब्ल्यूचा गाशा गुंडाळला गेला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय! नागोबाने बीळ घेतले ते घेतलेच, वर बिळाचा इतिहास आपण आत शिरलो तिथून सुरू होतो असे लिहून ठेवले. स्वतः दाराबाहेर ठेवलेल्या मुलींचे गुण, त्या दाराबाहेर होत्या म्हणून धरायचे नाहीत, असा तो हिशेब.

घरात घेतल्यावर तरी पंगतीत बसवले म्हणावे तर तेही नाही. 2021 मध्ये सॅन अँटोनिओच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना भलीथोरली व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक छोटी घडवंची, हे ओरेगनच्या एका खेळाडूने मोबाइलवर जगाला दाखवले. ‘मार्च मॅडनेस’ हे नावही तोवर पुरुषांच्या स्पर्धेलाच लावायचे असा शिरस्ता होता. मुलींना ते 2022 मध्ये मिळाले. म्हणजे क्लार्क कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना! आणि दोनच वर्षांनी तिचा शेवटचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा सुमारे 1 कोटी 48 लाखांनी. नाव उसने देतानाही हात आखडणाऱ्यांनी ही आकडेवारी मोठ्या अभिमानाने मिरवली.

आता कोणी म्हणेल, वेगवेगळ्या काळांची तुलना कशाला? रास्त प्रश्न आहे, आणि आकड्यांशी खेळायचे तर कोणालाही खेळता येते. क्लार्कच्या 3,951 गुणांत 548 थ्री-पॉइंटर आहेत. त्या प्रत्येकातला एक गुण काढला तर ती 3,403 वर येते, वुडर्डच्या खाली. मॅराविच फक्त 83 सामने खेळला, क्लार्क 139. त्याच्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेतच नसत आणि त्याची सरासरी होती 44.2. उलट रेषाच नसती तर क्लार्क तितक्या लांबून फेकत बसली असती का? ती आत घुसली असती, किंवा आणखी पास दिले असते. हे वाद चहाच्या टेबलावर छान रंगतात आणि तिथेच राहावेत. पण तुलना नको म्हणणाऱ्या एनसीएएच्या विश्वात 2024 मध्ये चौपन्न वर्षांपूर्वीचा पुरुष तुलनेला चालला आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वीची स्त्री चालली नाही, याला काळाचा फरक म्हणत नाहीत.

क्लार्कच्या गोटाचा यात दोष नाही, उलट त्यांनी माणुसकी दाखवली. 28 फेब्रुवारीला मिनेसोटात तिने 33 गुण घेऊन वुडर्डला एका गुणाने मागे टाकले, तेव्हा खरा विक्रम हाच, असे ब्लूडरने उघड सांगितले. अधिकृत वही उघडून पाहिली तर त्या रात्री काहीच घडलेले नव्हते. आणि तीन मार्चला, मॅराविचचा विक्रम मोडला त्या दुपारी, साठी ओलांडलेली वुडर्ड स्वतः अरीनात बसलेली होती. तिच्याकडे लक्ष वेधले गेले तेव्हा सगळे प्रेक्षक तिच्यासाठी उभे राहिले. आयोवाच्या माणसांना मुलींच्या बास्केटबॉलचा जुना हिशेब ठाऊक असतो.

त्यानंतर दीड महिन्याच्या आतच क्लार्कला महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना फीव्हरने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर उचलले. पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. जाहिरातींतून ती त्याच्या कितीतरी पट कमावते, त्यामुळे तिची काळजी करायचे कारण नाही. मात्र हा पगार त्या लीगमध्ये जाहिरातींविना खेळणाऱ्या इतर मुलींनाही तसाच बेताचा मिळत होता.

राहता राहिला सर्वाधिक गुणांचा मथळा. साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजात 1975 ते 1979 या काळात पर्ल मूर नावाची मुलगी खेळत होती. एआयएडब्ल्यूचाच काळ, आणि छोटे कॉलेज म्हणून मोठ्या कॉलेजांच्या यादीतही नाव नाही. सुरुवातीचे थोडे गुण ज्युनिअर कॉलेजातले धरून तिची कॉलेजची एकूण बेरीज 4,061 भरते. 2021 मध्ये तिला नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये घेतले. क्लार्क 3,951 वर थांबली. मूर अजून 110 गुणांनी पुढे आहे.