दिसतो किडा, पण आहे शंख-शिंपल्यांच्या कुळातला

प्रवाळाच्या फांदीला वेढा घालून बसलेला, चकाकणारा, लांबट जीव. पाणबुड्याने काढलेला फोटो पाहून बहुतेक जण ‘समुद्री किडा’ म्हणून मोकळे होतात. तो किडा नसतो. शंख, शिंपले, गोगलगाय आणि माखूल ज्या मृदुकाय गटातले, त्याच गटातला हा सोलेनोगॅस्टर. याला शंख नाही. अंगभर चुन्याचे सूक्ष्म काटे असतात आणि चकाकी त्यांचीच.

उलटा करून पाहिला की पोटाच्या बाजूने एक अरुंद खाच दिसते. गोगलगायीचा पसरट पाय इथे एवढाच उरला आहे. गांडुळासारखी वलये नाहीत. इथवर ओळखणे कोणालाही जमेल. प्रजाती सांगायला गेले की घाई नडते.

जपानमधले किकुतारो बाबा हे जाणकार प्राणिशास्त्रज्ञ. १९४० च्या आसपास त्यांनी अशाच एका जीवाचा बारकाईने अभ्यास केला, पण ‘एपिमेनिया व्हेरुकोसा’ या नावाने. ती प्रजाती वेगळी आहे हे १९९७ साली साल्विनी-प्लावेन यांनी दाखवले आणि तिला नाव दिले ‘एपिमेनिया बाबाई’. चूक दुरुस्त करतानाच चुकणाऱ्याचा मान राखण्याची ही रीत वैद्यकानेही उचलावी अशी आहे.

एवढा वेळ का लागतो? बाहेरून हे जीव सारखेच दिसतात. आधी अंगावरचे काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मग गाठीच्या बायॉप्सीसारखेच काम: मेणात बसवून मायक्रोटोमवर पातळ काप काढायचे आणि त्यांवरून दातेरी जीभ, ग्रंथी, जननेंद्रिये यांची रचना जुळवायची. हे चिकाटीचे काम करणारे जगात मोजके आहेत.

‘डीएनए तपासा की’ असे कोणी म्हणेल. पण हा जीव प्रवाळवर्गातले प्राणीच खातो. पोटातल्या घासाचा डीएनए मिसळला तर अहवालात भक्ष्याचेच नाव येऊ शकते. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर अहवाल नीटनेटका छापून येतो, पण आकडे रुग्णाचे नसतात, तसेच हे. साध्या फॉर्मॅलिनची रुग्णालयी सवयही इथे घातक. त्यातल्या आम्लाने चुन्याचे काटे विरघळतात, डीएनएही बिघडतो. म्हणून एक तुकडा तरी अल्कोहोलमध्ये ठेवलेला बरा.

नमुना नसेल तर ‘सोलेनोगॅस्टर, प्रजाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. कारण न शोधता ‘व्हायरल ताप’ लिहिण्यापेक्षा ‘ताप, तपासणी चालू’ हे केव्हाही प्रामाणिक. सोबत खोली, तारीख आणि तो ज्यावर बसला होता त्या प्रवाळाचा स्पष्ट फोटो द्यावा. फांदी तोडून आणू नये. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.