दूरचा संघ, गावचा संघ

खेळाची आवड कधी सेवानिवृत्त होत नाही. गुडघे कुरकुरू लागतात, मैदानात उतरणे केव्हाच सुटलेले असते. परंतु सामना सुरू झाला की मन पूर्वीसारखेच खुर्चीच्या कडेवर येऊन बसते. अमरावती-अकोल्याच्या घरांतून ही आवड आज बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यापाशी येऊन थांबली आहे. नातू बार्सिलोनाचा किंवा मँचेस्टर युनायटेडचा सदरा घालून सामना पाहतो आणि त्याच्या शेजारी बसता बसता आजी-आजोबांनाही त्या दूरदेशीच्या संघाचा लळा लागतो. यात वावगे काहीच नाही. मात्र या मोठ्या संघाच्या जोडीला आपल्या गावातील एखादा लहान संघही आपला मानावा, असे या लेखात सुचवायचे आहे. त्यामागचे कारण केवळ क्रीडाप्रेम नाही. ज्येष्ठांचे हृदय, त्यांची झोप आणि त्यांचा एकटेपणा या तिन्हींशी या गोष्टीचा संबंध आहे.

एकाच मनात दोन संघ

दोन संघांवर जीव लावणे वऱ्हाडाला नवे नाही. क्रिकेटच्या बाबतीत आपण ते सहजपणे करतो. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो आनंद घरचा होता. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बंगळूरूच्या संघातून आयपीएलचे विजेतेपद मिळवून आला, तेव्हा त्या परक्या शहराचा संघही काही काळ आपलाच झाला. एका निष्ठेने दुसरीला धक्का लागला नाही.

फुटबॉलमधील हे दुहेरी प्रेम पाहायचे असेल, तर महाराष्ट्रात कोल्हापूरकडे पाहावे. तेथील संघांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींच्या आश्रयाने तेथे फुटबॉल रुजला आणि संघ पेठेचा मानबिंदू झाला. विश्वचषकाच्या दिवसांत याच पेठांतून मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे भव्य फलक उभे राहतात. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यावरून गल्ल्या वाटल्या जातात. तो उत्सव आटोपला की तीच माणसे शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघासाठी घसा कोरडा करतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. दूरच्या संघाने स्वप्न दाखवावे आणि जवळच्या संघाने ते पायाशी आणून ठेवावे, असा हा व्यवहार आहे. पेठांची ही ईर्ष्या कधीकधी हाणामारीपर्यंतही गेली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. आपला संघ म्हणजे दुसऱ्याचा द्वेष नव्हे, हे सांगण्याचे काम मैदानावर वडीलधाऱ्यांखेरीज कोण करणार?

इंग्लंडमध्ये तर यासाठी एक दिवसच ठरलेला आहे. २०१० पासून तेथे ‘नॉन-लीग डे’ पाळला जातो. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांमुळे मोठ्या साखळ्या थांबलेल्या असतात, त्या शनिवारी बड्या क्लबांच्या चाहत्यांनी आपल्या वस्तीतील लहान क्लबचा सामना प्रत्यक्ष पाहावा, अशी त्यामागील कल्पना. आपला मोठा संघ सोडा, असे तेथे कोणी म्हणत नाही; रिकाम्या शनिवारी शेजाऱ्याकडेही जाऊन या, एवढेच सुचविले जाते.

पडद्यावरील सामना आणि हृदय

आता आरोग्याकडे वळू. २००६ मध्ये जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली. त्या काळात म्युनिक आणि परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद तेथील डॉक्टरांनी ठेवली आणि २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना इतर दिवसांच्या तुलनेत २.६६ पट आढळल्या. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत हे प्रमाण सर्वाधिक होते, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे चौपट होती.

याचा अर्थ सामने पाहणे बंद करावे असा नाही. तीव्र भावनावेगात शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. निरोगी हृदय हा ताण सहन करते. अरुंद झालेल्या धमन्यांना तो जड जातो. त्यातच झोपेचा प्रश्न येतो. युरोपातील चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला आणि हिवाळ्यात दीड वाजता सुरू होतात. नातवासोबत जागरण होते, जागे राहण्यासाठी चहा होतो, रात्रीची गोळी विसरते आणि सकाळी रक्तदाब का वाढला, याचा शोध सुरू होतो. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी असा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रित स्वरूपात पाहावा. सामना पाहताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसली, तर अंतिम शिटीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावच्या सामन्यातही उत्कंठा असतेच. परंतु तो दिवसाउजेडी होतो. तेथे पोहोचण्यासाठी चार पावले चालावी लागतात, मध्यंतरात उठता येते, शेजारी बसलेल्याशी बोलता बोलता आवेग ओसरतो. हरलेल्या मुलांना पाठीवर थाप देता येते. पडद्यावरील पराभव मात्र रात्री एकट्यानेच उशाशी घ्यावा लागतो.

एकटेपणाचे औषध

सेवानिवृत्ती, जोडीदाराचा वियोग, पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली मुले यांमुळे वऱ्हाडातील कित्येक वाडे आणि सदनिका आज शांत झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगातील सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती एकटेपणाने ग्रासलेली असल्याचे म्हटले आहे. एकटेपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी आढळून आला आहे.

या संदर्भात इंग्लंडमधील एक अभ्यास लक्षणीय आहे. अँग्लिया रस्किन विद्यापीठातील संशोधकांनी ७,२०९ प्रौढांच्या माहितीचे विश्लेषण करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. खेळाचे सामने प्रत्यक्ष जाऊन पाहणाऱ्यांमध्ये जीवनाविषयीचे समाधान अधिक आणि एकटेपणाची भावना कमी दिसली. यात केवळ मोठ्या स्टेडियमवरील सामने नव्हते, गावातील हौशी संघांचे सामनेही होते. अर्थात, जे मुळात आनंदी आणि धडधाकट आहेत तेच घराबाहेर अधिक पडतात, असेही असू शकते. परंतु आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी, ठरावीक जागी, ओळखीच्या चेहऱ्यांत जाऊन बसणे यासारखी साधी गोष्ट करून पाहण्यास खर्च तो काय?

मोठ्या संघाला आपली गरज नसते. त्याच्यामागे कोट्यवधी चाहते उभे असतात. लहान संघाच्या सामन्याला मात्र पन्नास प्रेक्षकही जमत नाहीत. तेथे एक वृद्ध गृहस्थ दर रविवारी येतात, हे मुलांच्या ध्यानात येते. एखाद्या रविवारी ते आले नाहीत, तर “आजोबा दिसले नाहीत?” अशी विचारणा होते. आपली कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव उतारवयात फार मोलाची असते.

वऱ्हाडात कोठे जावे?

अमरावतीला व्यायामाची परंपरा शिकवावी लागत नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. कोल्हापुरात तालमीने फुटबॉलला आश्रय दिला. आपल्या आखाड्यांच्या गावालाही तो परका वाटू नये.

सुरुवात शाळेपासून करावी. भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो मुखर्जी चषक शालेय फुटबॉल स्पर्धेच्या फेऱ्या जिल्हा आणि विभाग स्तरावर होतात. त्यांचे वेळापत्रक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात. याखेरीज सकाळ-संध्याकाळ मैदानावर सराव करणारी मुले कोणत्या संघाची आहेत, हे फिरायला जाता जाता विचारावे. फुटबॉलच हवा असेही नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांपैकी ज्या खेळाचे मैदान घराजवळ, तो संघ आपला.

काळजीवाहकांसाठी

ज्येष्ठांना मैदानावर नेणाऱ्या मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी किंवा मदतनिसांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ऋतू: अकोल्याचा उन्हाळा पारा ४५ अंशांपर्यंत नेतो. मार्च ते जून या काळात दुपारचा सामना टाळावा. पावसाळ्यात चिखलात पाय घसरण्याची भीती असते. काठी आणि घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. संध्याकाळी मात्र कानटोपी विसरू नये.

बैठक: पायऱ्यांवर पाठीला आधार नसतो. पाठ असलेली घडीची खुर्ची सोबत न्यावी आणि ती सावलीत, मैदानाच्या रेषेपासून दूर ठेवावी. चेंडूचा फटका वृद्ध हाडांना परवडत नाही.

औषध आणि आहार: पाणी, रोजची औषधे, मधुमेही व्यक्तीसाठी फुटाणे आणि साखर कमी झाल्यास चटकन देता येईल असे गोड काही जवळ असावे. स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे. लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळ परस्पर बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.

वेळ: पहिल्या खेपेस मध्यंतरापर्यंतच थांबावे. पूर्ण सामना पाहिलाच पाहिजे, असे बंधन नाही. घरातील आजींना “तुम्हाला काय त्यातले कळते” असे म्हणून मागे ठेवू नये. आवड असेल तर त्यांनाही न्यावे.

काळजीवाहकालाही या दोन तासांचा विसावा मिळतो. चार भिंतींत सतत एकमेकांसमोर राहून आलेला ताण तिसऱ्याच गोष्टीकडे एकत्र पाहिल्याने हलका होतो.

ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सामना घरी आणता येतो. स्कॉटलंडमध्ये अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि तेथील फुटबॉल संग्रहालय मिळून ‘फुटबॉल मेमरीज’ हा उपक्रम चालवितात. जुने खेळाडू, जुने सामने यांची छायाचित्रे दाखवून स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना बोलते केले जाते. तरुणपणच्या आठवणी बहुधा सर्वांत उशिरा पुसट होतात, हे त्यामागील सूत्र. आपल्याकडेही ते करता येईल. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, जर्नैल सिंग ही नावे ऐंशीच्या घरातील एखाद्या आजोबांसमोर उच्चारून पाहावीत. शाळेतील संघात कोण होते, मैदान कोणते होते, अनवाणी खेळत की जोडे होते, असे सोपे प्रश्न एकेक करून विचारावेत आणि उत्तराची घाई करू नये. तारीख चुकली तर सुधारू नये.

मोठ्या संघाचा सदरा नातवाच्या अंगावर राहू द्या. आठवड्यातून एका सायंकाळी मात्र त्यालाच सांगा, “चल, आज आपल्या गावच्या पोरांचा खेळ पाहून येऊ.” जाताना पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची तेवढी विसरू नका.