पिंपातले विष आणि पाठीवरचा हमाल

पुण्याहून मुंबईकडे जाताना घाट उतरल्यावर काही अंतरावर रसायनी आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना तेथे होता. रंग, औषधे व रबर यांना लागणारी मूळ रसायने देशातच व्हावीत, हा तिचा हेतू. ॲनिलिन हे त्यांपैकी एक. 2017 मध्ये केंद्र सरकारने रसायनीतील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ॲनिलिनची खरेदी-विक्री मात्र थांबलेली नाही.

व्यापारात अशा मालाला ‘इंटरमिजिएट’ म्हणतात. त्यापासून पुढचा माल बनतो. नावच इतके निरुपद्रवी, की पिंप गोदामात सोड्याच्या गोणीशेजारी उभे राहते. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. परंतु हा माल विष म्हणून विकला जात नाही, त्यामुळे तो प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ॲनिलिन तेलकट असते. ताजे असता जवळजवळ रंगहीन, हवा लागली की तपकिरी. नाकावाटे ते शरीरात जातेच, पण त्वचेतूनही सहज शिरते. पूर्वीच्या कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत हवेतील मर्यादा दहा लाखांत 2 भाग दिली होती आणि त्वचेचा उल्लेख वेगळा केला होता. पाझरणारे पिंप पाठीवर घेणाऱ्या हमालाचा सदरा भिजला, तर तो अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहते.

रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते व ते प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ व नखे निळसर दिसतात, डोके दुखते, चक्कर येते. रक्त चॉकलेटी होते. हे कधी काही तासांनी घडते, तोवर माणूस घरी पोहोचलेला असतो आणि ऊन लागले असे समजून निजतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते: विषबाधा वाढली तरी आकडा 85 च्या आसपास रेंगाळू शकतो.

कपडे, चपलांसह सर्व, ताबडतोब काढावेत. साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. पिंपावरील नाव लिहून घेऊन रुग्णालय गाठावे. उतारा म्हणून मेथिलिन ब्लू शिरेतून देतात, जो मुळात ॲनिलिनच्याच कुळातला रंग! जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना मात्र तो अपायकारक ठरू शकतो. घरात तसे कोणास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

ही बाधा कारखान्यात झाली, तर कायद्याने ती कळवावी लागते. पेठेतील गोदाम बहुधा कारखाना ठरत नाही. अग्निविमा मालाचा असतो. कामगार भरपाईची पॉलिसी निराळी घ्यावी लागते, आणि रोजंदारीच्या हमालाचा तीत समावेश आहे की नाही, हे हप्ता भरताना क्वचितच कोणी पाहतो.